मावशींच्या तिजोरीतले गोठ

माणूस मेल्यावर त्याच्या पोळपाटाची किंमत किती धरायची, हा प्रश्न मला पुण्यात जन्मभर पडला नसता. मँचेस्टरमध्ये पडला. इथलं सरकार गेलेल्या माणसाचं घर, बँकेतली शिल्लक, खुर्च्या, चमचे, सगळं एका फॉर्मवर मागतं. प्रत्येक वस्तूसमोर लिहायचं, की माणूस ज्या दिवशी गेला त्या दिवशी ही वस्तू बाजारात नेली असती तर काय आलं असतं. म्हणजे घरात सुतक आणि डोक्यात बाजारभाव. ठरावीक मर्यादेच्या वर जे निघेल त्यातले शंभरातले चाळीस सरकारचे. हे निस्तरल्याशिवाय प्रोबेट नाही, म्हणजे मृत्युपत्रावर कोर्टाचा शिक्का नाही, आणि शिक्का नाही तोवर वारसाला तो पोळपाटही मिळत नाही.

ही गोष्ट दोन हजार पाच-सहाच्या सुमाराची. मी अकाउंटंट. लग्न करून मँचेस्टरला आले, लग्न मोडलं, मँचेस्टर राहिलं. इथल्या मराठी मंडळींत माझी ओळख 'फॉर्म भरून देणारी' अशी होती. व्हिसाचे, कौन्सिल टॅक्सचे, मुलांच्या शाळेचे, सगळे फॉर्म फिरत फिरत माझ्याकडे यायचे. डॉक्टरीण मावशींनी त्यावर कडी केली. मृत्युपत्रात त्यांनी एक्झिक्युटर म्हणून माझंच नाव घातलं, म्हणजे त्यांच्यामागे सगळी निरवानिरव मी करायची. हे त्यांनी मला एकदा आमटीला फोडणी देता देता सांगितलं आणि मी 'बरं' म्हटलं. फोडणीच्या आवाजात माणूस कशालाही बरं म्हणतो.

मावशी माझ्या नात्यातल्या नव्हत्या, पण त्या सगळ्यांच्याच मावशी होत्या. साठच्या दशकात नागपूरहून इथल्या हॉस्पिटलात भूल द्यायला आल्या. पस्तीस वर्षं लोकांना झोपवलं, पण स्वतःच्या घरी आलेल्या पाहुण्याला कधी दुपारी लवंडू दिलं नाही. लग्न केलं नाही. ट्रामच्या शेवटच्या स्टॉपपासून दहा मिनिटांवर चार खोल्यांचं घर घेतलं आणि त्यात एकट्या राहिल्या. ज्या हॉस्पिटलात नोकरी केली तिथेच शेवटी गेल्या, आणि जाण्याच्या आदल्या दिवशी तिथल्या एका तरुण डॉक्टरला चादरीचे कोपरे कसे खोचायचे ते शिकवून गेल्या. मृत्युपत्रात सगळं घरदार नागपूरच्या धाकट्या बहिणीच्या नावावर केलं होतं.

इथपर्यंत माझं काही जाणार-येणार नव्हतं. पण मावशींच्या जिन्याखाली एक लोखंडी तिजोरी होती आणि त्या तिजोरीत माझ्या आईचे गोठ होते.

गोठ म्हणजे हातातली कडी, गोल, जाड, साधी. वरून सोन्याचा पत्रा आणि आत लाख भरलेली. आईने तीस वर्षं हातातून काढले नव्हते, ते माझ्या लग्नात काढून माझ्या हातात घातले. लग्न मोडल्यावर मी एका भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायला गेले. त्या भागात दिवाळीच्या आसपास नेमकी भारतीयांचीच घरं फुटायची. चोरांनाही ठाऊक होतं, की या लोकांकडे टीव्ही जुना असतो पण साखरेच्या डब्यात सोनं असतं. बँकेत लॉकर मागायला गेले तर बँक म्हणाली, आम्ही आता नवीन देत नाही. मावशी म्हणाल्या, "माझ्याकडे ठेव. पण कुणाला बोलू नकोस हं, मी हे फक्त तुझ्यासाठी करतेय." मी गोठ देऊन आले. मी बसची तिकिटंसुद्धा वर्षभर जपून ठेवणारी बाई, पण मावशींकडे पावती मागितली नाही. आपल्यात अशी पावती मागणं म्हणजे समोरच्याच्या तोंडावर त्याला चोर म्हणणं.

आणि खरं सांगायचं तर घरफोडीचं कारण अर्धंच होतं. मला ते गोठ हातात नको होते. ते पाहिले की मांडव आठवायचा. आई मात्र दर रविवारी फोनवर विचारायची, "गोठ हातात आहेत ना?" आणि मी माझ्या मोकळ्या मनगटांकडे बघत म्हणायची, "आहेत." असे तीन वर्षांचे रविवार झाले होते.

मावशी गेल्या त्याच आठवड्यात मी त्यांच्या घरी गेले ती गोठ काढून आणायलाच. किल्ली सापडली नाही. ती मावशींच्या पर्समध्ये होती आणि पर्स हॉस्पिटलने लिफाफ्यात सील करून मावशींचं मृत्युपत्र सांभाळणाऱ्या सॉलिसिटर बाईंकडे पाठवली होती. किल्ली हाती लागली असती तर मी गुपचूप माझे गोठ घेतले असते, तिजोरी लावली असती आणि आज तुम्हाला सज्जनपणाच्या गोष्टी सांगितल्या असत्या.

ती तिजोरी पहिल्यांदा उघडली व्हॅल्युअरसमोर. हा सॉलिसिटर बाईंनी किमती ठरवायला पाठवलेला माणूस. उंच, काटकुळा, पायात चकचकीत तपकिरी बूट, हातात छोटा टेपरेकॉर्डर. खोलीत शिरायचा, एकदा चौफेर बघायचा आणि त्या यंत्राला हलक्या आवाजात किंमत सांगायचा. सोफा, पाच पौंड. गालिचा, काही नाही. स्वयंपाकघरात त्याने कपाटं उघडली, डबे मोजायला घेतले आणि अर्ध्यात सोडून दिले. मग म्हणाला, "स्टीलची भांडी, परदेशी, असंख्य. दहा पौंड."

देवघर त्याने 'घुमट असलेलं छोटं कपाट' म्हणून नोंदवलं. अन्नपूर्णा उलटी करून तिच्या बुडाशी चांदीचा छाप आहे का ते पाहिलं. बाळकृष्णाला पायाला धरून उचललं. देवांची एकूण किंमत पंधरा पौंड झाली, आणि त्यातही घंटा धरून. पैठण्या म्हणजे 'रेशमी कापड, लांब, वापरलेलं'. मग त्याला आइस्क्रीमच्या डब्यात पांढरी पावडर सापडली. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, ही जमिनीवर घालतात. तो म्हणाला, साफ करायला? मी म्हटलं, नाही, साफ करून झाल्यावर. रांगोळी त्याने यादीत घेतली नाही, पण त्यानंतर प्रत्येक डबा त्याने जरा लांबूनच उघडला.

तिजोरी मावशींनी बंद पडलेल्या एका पबच्या लिलावात घेतली होती. किल्ली फिरवली तेव्हा शिळ्या बिअरचा आणि कापराचा एकत्र वास आला. मी टॉर्च धरून उभी होते. आत एक पुरचुंडी असेल, माझी, अशी माझी कल्पना. आत नऊ पुरचुंड्या होत्या. प्रत्येक वेगळ्या ब्लाउजपीसमध्ये गाठ मारून, ओळीने बसवलेल्या.

मावशींनी 'फक्त तुझ्यासाठी' हे नऊ जणींना सांगितलं होतं.

व्हॅल्युअरचा चेहरा मात्र सकाळपासून पहिल्यांदाच उजळला. त्याने भिंग काढलं, छोटा तराजू काढला आणि एकेक गाठ सोडवत यंत्राशी बोलायला लागला. तन्मणी म्हणजे 'गळ्यातलं, मोती लहान'. नथ म्हणजे 'बहुधा ब्रोच, तार वाकलेली'. घडणावळ वगैरे त्याच्या हिशेबात नव्हती, सगळं वजनावर. माझी पुरचुंडी सातवी. त्याने गोठ हातात घेतले, वजन केलं, कपाळाला आठ्या घातल्या, एकावर नखाने टिचकी मारली आणि म्हणाला, "पोकळ. आत राळेसारखं काहीतरी भरलंय. एकाला खोलगट खुणा. सदोष." मी टॉर्च आठव्या पुरचुंडीवर नेला.

संध्याकाळपर्यंत नऊ पुरचुंड्या 'मृताचे दागिने' म्हणून टाइप होऊन सॉलिसिटर बाईंच्या टेबलावर गेल्या.

नागपूरच्या बहिणीला फोन केला. ती बाई सरळ. म्हणाली, "ताईकडे एवढं सोनं? ती तर कानात प्लास्टिकच्या कुड्या घालायची. ज्यांचं त्यांना देऊन टाका बाई, मला ते पाप नको." मला हायसं वाटलं. पण सॉलिसिटर बाईंनी चष्मा काढून पुसला. म्हणाल्या, वारस नको म्हणतो हे छान आहे, पण कर वाचवायचा असेल तर कुठलाही वारस हेच म्हणेल. घर आणि शिल्लक मिळूनच मर्यादा ओलांडली गेलीय, तेव्हा या यादीतल्या प्रत्येक वस्तूवर कर बसणार. हे दुसऱ्यांचं आहे असं म्हणायचं तर पुरावा हवा. पावत्या कुठे आहेत?

मी टेबलावरची यादी सरळ केली. बाई समजल्या, की नाहीत.

बातमी फुटायला एक दिवस लागला. मराठी मंडळातल्या आठ जणींचे मला पाठोपाठ फोन आले आणि आठही जणी आधी हेच म्हणाल्या, की मावशींनी हे फक्त आपल्यासाठी केलं होतं. सगळ्यात वरचा आवाज बोल्टनच्या काकूंचा. काकू रिटायर्ड जीपीच्या मिसेस, चाळीस वर्षं इथे, नवऱ्याच्या सर्जरीच्या, म्हणजे दवाखान्याच्या, रिसेप्शनवर बसून अर्ध्या बोल्टनला रांगेत उभं केलेल्या.

"तू ना, टू ऑनेस्ट आहेस," काकू म्हणाल्या. "त्या माणसासमोर सेफ उघडायचीच कशाला? सेफची की मिळत नाही म्हणायचं, लॉकस्मिथ बोलावतो म्हणायचं, आणि आम्हाला एक रिंग द्यायची. सिंपल."

"काकू, किल्ली त्याच्याच हातात होती."

"मग चहा द्यायचास त्याला. दोन मिनिटं किचनमध्ये बिझी ठेवायचंस."

काकूंना मी काय शिकवणार, किल्ली मिळाली असती तर मी याहून वाईट करणार होते.

माझ्या डोक्यात एक शक्कल आली. मावशींनी कुठल्याच पुरचुंडीवर नाव घातलं नव्हतं, पण प्रत्येकीचं सोनं त्यांनी तिनेच ओटीत दिलेल्या ब्लाउजपीसमध्ये बांधलं असणार. म्हणजे जिचा ब्लाउजपीस तिची पुरचुंडी. मी मोठ्या तोऱ्यात हे सॉलिसिटर बाईंना समजावलं आणि नऊ कापडं त्यांच्या टेबलावर मांडून आठही जणींना बोलावलं. ही चूक फक्त आपलंच माणूस करू जाणे. ओटीत आलेला ब्लाउजपीस आजवर कुणी शिवलाय? तो घडीसकट पुढच्या ओटीत जातो. चॉकलेटी रंगाचा, पांढऱ्या ठिपक्यांचा एक पीस चौघींनी आपला म्हणून ओळखला, आणि चौघी खरं बोलत होत्या. तो चौघींच्या घरून फिरून मावशींकडे पोचला होता. शिवाय कुणी कुणाला तो दिला हे सगळ्यांसमोर उघड झालं.

"म्हणजे मी दिलेला तू तिला दिलास?" एक जण म्हणाली.

"आणि तुला कुणी दिला होता, ते पण सांग ना," दुसरी म्हणाली.

सॉलिसिटर बाई पेन खाली ठेवून हे ऐकत होत्या. भाषा कळत नसली तरी खटला कळत होता. शेवटी त्यांनी स्वतःच नियम केला. दागिना दाखवण्याआधी ज्याची त्याने खूण सांगायची, आणि तो अंगावर असलेला जुना फोटो आणायचा.

असा फोटो आपल्याकडे एकाच ठिकाणी असतो. पुढच्या शनिवारी मावशींच्या जेवणाच्या टेबलावर आठ लग्नांचे अल्बम येऊन पडले. व्हॅल्युअर तासावर पैसे घेऊन पुन्हा आला होता. तो भिंग लावून एकेक नवरी तपासत होता आणि हळूहळू अस्वस्थ होत होता. तिसऱ्या अल्बमनंतर त्याने मला बाजूला घेऊन विचारलं, की या सगळ्या बायका त्या दिवशी आजारी होत्या का. मी सांगितलं, नाही, लग्न होतं. कपाळावरच्या दोऱ्या कसल्या, हेही त्याला हवं होतं. मुंडावळ्या समजावून सांगायला मला वेळ नव्हता.

बोल्टनच्या काकूंचा अल्बम काळा-पांढरा. त्यात सोनंही करडं, मोतीही करडे आणि काकाही करडे. पण तन्मणी स्पष्ट दिसत होता. फक्त तो काकूंच्या गळ्यात नव्हता, शेजारी उभ्या असलेल्या जावेच्या गळ्यात होता. काकूंनी पान झटकन उलटलं. व्हॅल्युअरने ते परत उलटलं.

"तो मी तिला तेवढ्यापुरता घालायला दिला होता," काकू म्हणाल्या. "युनो, फॉर द फोटो."

पुढच्या पानावर तन्मणी काकूंच्या गळ्यात निघाला आणि आम्ही सगळ्यांनी श्वास सोडला. दुपारी चारपर्यंत आठ पुरचुंड्यांचे मालक ठरले, जबाब टाइप झाले, सह्या झाल्या. मावशींच्याच फ्रीझरमधले समोसे तळून आम्ही खाल्ले. त्यांची किंमत व्हॅल्युअरने लावली नव्हती, पण त्याने चार खाल्ले.

राहिली एक पुरचुंडी. सॉलिसिटर बाईंनी यादीवर बोट ठेवून विचारलं, ही कुणाची?

मी म्हटलं, माझी.

त्यांनी यादी उलटी ठेवली. मग शांतपणे म्हणाल्या, की तुम्ही एक्झिक्युटर. हा माणूस वजनं, खुणा सांगत होता तेव्हा टॉर्च तुम्ही धरला होता. त्यामुळे तुम्ही सांगितलेली खूण चालणार नाही. तुमच्या लग्नाचा अल्बम आणा.

माझ्या लग्नाचा अल्बम मी दोन वर्षांपूर्वी कौन्सिलच्या कचरा डेपोवर नेऊन टाकला होता. आधी 'कागद आणि पुठ्ठा' लिहिलेल्या कंटेनरमध्ये टाकला, तर तिथला माणूस धावत आला. म्हणाला, फोटो कागदात धरत नाहीत, जनरल वेस्टमध्ये टाका. मी खाली वाकून माझं लग्न पुन्हा बाहेर काढलं आणि त्याने दाखवलेल्या ठिकाणी टाकलं. दुसरी प्रत नवऱ्याच्या घरी होती. तिथे मागण्यापेक्षा मी सरकारला दोन्ही मूत्रपिंडं दिली असती. राहिली आई. तिला विचारायचं म्हणजे अल्बम टाकल्याचं सांगायचं आणि तीन वर्षांच्या रविवारांचंही सांगायचं.

मी वाट शोधून काढली. अकाउंटंटला वाट सापडतेच. गोठ मावशींचे म्हणून यादीत राहू द्यायचे. लाख वजा जाता सोनं थोडंच होतं, त्यावरचा कर मी माझ्या खिशातून भरणार. नागपूरची बहीण चांगली, ती शिक्का मिळाल्यावर गोठ मला परत देईल. थोडे पैसे गेले, पण आईला काही कळणार नाही. सगळं बसत होतं.

सॉलिसिटर बाईंनी शेवटचा फॉर्म माझ्यासमोर ठेवला. वर लिहिलेलं, की खालील सर्व वस्तू मृताच्या मालकीच्या होत्या. खाली ओळ होती, 'कडी दोन, पोकळ, सदोष'. मी पेन उघडलं. मी नोकरीत काय काय आकड्यांखाली सह्या केल्यात, मला कधी काही वाटलं नाही. पण आईचे गोठ आईचे नव्हते, असं माझ्याच सहीने लिहायचं होतं. मी पेन बंद करून ठेवलं. मला एकदम रडू आलं, आणि रडू आलं याचा रागही आला. सॉलिसिटर बाईंनी ड्रॉवरमधून टिश्यू काढून पुढे सरकवले. त्यांच्या धंद्यात ते लागत असावेत.

मी आईचा नंबर लिहून दिला.

नियम असा ठरला, की फोन सॉलिसिटर बाईंच्या ऑफिसातून लागेल, स्पीकरवर. मी समोर बसायचं पण बोलायचं नाही. आईचं भाषांतर दुसऱ्याने करायचं. दुसऱ्याने म्हणजे अर्थात बोल्टनच्या काकूंनी, कारण त्या विचारायच्या आधीच कोट घालून तयार होत्या. मी आईला आदल्या दिवशी एवढंच सांगितलं होतं, की ऑफिसच्या कामाचा एक फोन येईल, विचारतील ते सांग.

"नमस्कार ताई," काकू म्हणाल्या. "मी इकडून मँचेस्टरहून बोलतेय. तुमच्या मुलीची वेल-विशर. तुमच्याकडे सोन्याचे गोठ होते ना, त्याची थोडी इन्फर्मेशन हवी होती. किती होते?"

आई चार मिनिटं बोलली. गोठ कुठल्या सोनाराकडे केले, तो सोनार किती वेळा खेपा घालायला लावायचा, आजोबा त्याच्याशी कसे भांडले, लाख भरताना तिने स्वतः समोर बसून कसं बघितलं. तिचा आवाज त्या ऑफिसच्या बेज भिंतींवर आपटत होता. ती थांबली तेव्हा सॉलिसिटर बाईंनी पेन उचललं.

"शी सेज टू," काकू म्हणाल्या.

"काही खूण होती का ताई? ओळखायला?"

"आहे की," आई म्हणाली. "एकाला दोन खड्डे आहेत, शेजारी शेजारी. मुलगी आठ महिन्यांची होती. खालचे दोन दात येत होते. रात्रंदिवस ओरडायची, काही दिलं तरी ऐकायची नाही. मांडीवर घेतली की माझा हात धरायची आणि गोठ चावत बसायची. चावता चावता गप्प व्हायची. तिचे बाबा किती मागे लागले, सोनाराकडून सारखे करून घे म्हणून. मी नेले नाहीत."

काकूंनी हे सगळं सांगितलं. या वेळी काही गाळलं नाही. सॉलिसिटर बाईंनी व्हॅल्युअरची यादी ओढली, ती ओळ वाचली आणि 'सदोष' या शब्दाखाली हळूच एक रेघ मारली. मी टेबलाखाली माझी मनगटं धरून बसले होते. मावशींच्या जिन्याखाली त्या माणसाने टिचकी मारली ती माझ्या दातांवर, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. आईने मला कधी सांगितलंच नव्हतं.

"थँक्यू ताई, एवढंच हवं होतं," काकू म्हणाल्या.

"पण तुम्ही मला कशाला विचारताय?" आई म्हणाली. "ते तिच्या हातातच असतात. दर रविवारी सांगते ती मला."

काकूंनी याचं भाषांतर केलं नाही. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. चाळीस वर्षांत बोल्टनच्या काकू गप्प बसल्याचं कुणी ऐकलं नसेल. सॉलिसिटर बाईंनी विचारलं, काय म्हणाल्या? नियम मोडून मी फोनकडे वाकले.

"आई, हातात नाहीत. तीन वर्षं नाहीत. मी दुसऱ्यांकडे ठेवले होते. आणि अल्बम टाकून दिला."

पलीकडे पंख्याचा आवाज येत होता.

"अल्बमचं माहीत नव्हतं," आई म्हणाली. "बरं केलंस, त्यात तुझा एकही फोटो धड नव्हता. गोठांचं माहीत होतं."

"कसं?"

"अगं, मी तीस वर्षं घातलेत ते. फोन या हातातून त्या हातात घेतला की गोठ आपटल्याशिवाय राहत नाहीत. तुझा फोन आला की आवाज फक्त तुझाच यायचा."

"मग विचारायचीस कशाला दर वेळी?"

"म्हटलं, एखाद्या रविवारी घालशील."

काकूंनी पर्समधून रुमाल काढला आणि सॉलिसिटर बाईंना सांगितलं, की हे सगळं फॅमिली मॅटर आहे, फॉर्मशी रिलेटेड नाही. बाईंनी मान डोलावली. सातव्या ओळीवर त्यांनी पट्टी ठेवून सरळ काट मारली आणि बाजूला आद्याक्षरं घातली.

प्रोबेट उन्हाळ्यात मिळालं. घर विकलं, कर भरला, उरलेलं नागपूरला गेलं. देवघर बहिणीने मलाच ठेवायला सांगितलं. पंधरा पौंडांचे सगळे देव माझ्या फ्लॅटच्या खिडकीत बसले, घंटेसकट. नऊ जणींना आपापलं सोनं मिळालं आणि त्याच आठवड्यात बाकीच्या आठही जणींनी ते कुठे ठेवायचं म्हणून मला फोन केले. मी पावती देते म्हटल्यावर सगळ्यांना राग आला.

त्या रविवारी मी आईला फोन लावला. तिने काही विचारायच्या आत मी फोन या हातातून त्या हातात घेतला, आणि तेवढ्याने भागेना म्हणून गोठ रिसीव्हरवर दोनदा आपटले.

"हळू," आई म्हणाली. "आत लाख आहे."